गाडीचा पाठीमागचा डोळा

पिकअप गाडीच्या दोन्ही दारांबाहेर कानांसारखे जे आरसे असतात, त्यांना आतून ऊब देण्याची सोय आता निघाली आहे. काचेच्या पाठीशी एक पातळ पट्टी चिकटवावयाची, तिला गाडीच्या बॅटरीतून वीज द्यावयाची, म्हणजे काच कोमट होते आणि तिच्यावरचे दव उडून जाते. बर्फाच्या मुलुखातल्या मोटारींना ही सोय पुष्कळ वर्षांपासून आहे. आपल्याकडे महागड्या मोटारींना ती कारखान्यातूनच मिळते. भाजीपाला, दूध, विटा वाहणाऱ्या गाडीला मात्र ती मागाहून बसवून घ्यावी लागते.

"आरशाला शेकोटी कशाला?" असे एखादे आजोबा विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. बैलगाडीला आरसाच नव्हता, तर त्याला ऊब देण्याचा प्रश्न कुठून येणार? पण गाडीच्या मागे काय चालले आहे ते कोणी पाहावयाचे, हा प्रश्न बैलगाडीच्या काळीही होता. तो आजवर कसकसा सोडवला गेला त्याचाच हा इतिहास आहे. आणि तो सांगावयास उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा फार सोयीचा आहे, कारण घोड्यापासून टेम्पोपर्यंत सगळी वाहने या एकाच वाटेवरून गेली आहेत.

हा मुलूखच मुळी येण्याजाण्याचा. कल्याण हे जुने बंदर. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई, आणि घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही उभा आहे. सातवाहनांचे शिलालेख तिथल्या लेण्यात आहेत, म्हणजे ही वाट दोन हजार वर्षांची झाली. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहार राजांच्या वेळचे. बदलापूर या नावाची लोक एक गोष्ट सांगतात, की घोडेस्वार इथे थांबून दमलेले घोडे बदलून घेत, म्हणून ते बदलापूर. गोष्ट खरी की नावावरून मागून रचलेली, त्या वादात आपण शिरू नये. परंतु वाटेवरच्या गावालाच अशी गोष्ट चिकटते एवढे खरे.

घोडेस्वाराला मागे पाहावयाचे झाले तर तो मान वळवी. बैलगाडीवाल्याला तर तीही गरज नसे. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीला मागून कोणी धडकेल ही भीती थोडी, आणि मागून येणाऱ्याचे घुंगूर आधीच ऐकू येत. रात्रीच्या वेळी गाडीखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाचे काम गाडीवाल्याला मागचे दाखवण्याचे नव्हते, मागच्याला गाडी दिसावी हे होते. हा फरक शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावा. दिवा आपल्याला दुसऱ्याच्या नजरेस आणतो, आणि आरसा दुसऱ्याला आपल्या नजरेस आणतो. रस्त्यावर दोन्ही लागतात, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत आले, आणि १२ मे १८५६ रोजी ते खोपोलीपर्यंत पोचले. अंबरनाथ आणि बदलापूर याच मार्गावर आहेत. आगगाडी एवढी लांब, की इंजिनावरच्या माणसाने मान वळवून भागेना. म्हणून गाडीच्या शेपटाशी एक डबा ठेवून त्यात एक माणूस बसवला. त्याच्या हाती हिरवे-तांबडे निशाण आणि रात्री कंदील. हाच गार्ड. गाडीच्या मागचे आणि बाजूचे पाहणे हा त्याच्या कामाचा मोठा भाग. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने त्याचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले, काम मात्र राहिले. तर मागे पाहण्यासाठी एक पगारी माणूस नेमावा, ही रीत आपल्या भागाने पहिल्याने आगगाडीत पाहिली. पुढे मोटार आली तेव्हा आपण तीच रीत उचलली, आणि ती इतकी अंगवळणी पडली की आरशाकडे आपले लक्षच गेले नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. जाणाऱ्या-येणाऱ्या फौजांच्या मुक्कामासाठी ती होती. ६,००० सैनिक आणि आणखी ३०,००० माणसे राहतील अशी तिची रचना, आणि बराकी २,१२६. लष्करी ट्रक आणि जीप यांची इतकी वर्दळ या भागाने आधी पाहिली नव्हती. युद्ध संपले, छावणी ओस पडली. फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे याच बराकींत उतरली. मधे मोठा दिवाणखाना आणि दोन टोकांना खोल्या असलेल्या त्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वस्तीची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. पण जुने लष्करी आकडे काही गेले नाहीत. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतो.

या वस्तीला जमीन नव्हती, शेती नव्हती. हाताला येईल तो धंदा करणे भाग होते. कापड, फर्निचर, पुढे जीन्सच्या विजारी, विजेचे सामान. बाजारात जी वस्तू मिळत नाही ती घडवून द्यावयाची, आणि जी मिळते ती स्वस्तात द्यावयाची, हा उल्हासनगरचा बाणा. तिथल्या मालावर 'यूएसए' असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करावयाचा, ही थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे. थट्टेत थोडा टोमणा आहे, पण तिच्यात कौतुकही आहे. शेजारच्या अंबरनाथची तऱ्हा वेगळी. तिथे विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना होता, आयुधनिर्माणी आली, आणि यंत्रांचे नमुने घडवणारा सरकारी कारखाना आला. २०२१ साली आयुधनिर्माण्यांची फेररचना झाली तेव्हा हा नमुन्यांचा कारखाना चिलखती वाहने बांधणाऱ्या सरकारी कंपनीकडे गेला. त्यामुळे या भागात एकीकडे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा कामगार, आणि दुसरीकडे तारेचा तुकडा वाकवून काम भागवणारा दुकानदार, असे दोन्ही नमुने एका स्टेशनाच्या अंतरावर भेटतात.

आता ट्रकविषयी. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधावयास आरंभ केला. पुढे देशभर ट्रक झाले. ट्रकला आरसा होता, पण त्याच्यावर भरवसा कोण ठेवतो? मागचे पाहावयास क्लीनर होता. ट्रक मागे घ्यावयाचा झाला की क्लीनर उडी टाकून खाली उतरे, फळीवर थाप मारी आणि ओरडे, "आने दो, आने दो, बस!" त्या थापेचीही एक भाषा होती. सावकाश थाप म्हणजे ये, जोरात थाप म्हणजे थांब. डाव्या बाजूला तोच बसे, डावीकडून सायकलवाला चालला आहे हे तोच सांगे, आणि काचेवर पाणी साचले की फडकेही तोच मारी. आरसा फुटला तर महिनोन्महिने नवा बसत नसे, कारण क्लीनर शाबूत होता.

एस.टी.च्या गाडीत हेच काम कंडक्टरकडे आले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी सुटली. तेव्हापासून मागच्या दाराचा कारभार कंडक्टरचा, आणि घंटेची दोरी त्याच्या हाती. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. खेड्यातल्या पोरांना ही खूण पाठ असे. ड्रायव्हर मागे पाहत नसे, तो घंटा ऐकत असे.

आणि ज्या गाडीला क्लीनरही पुरा पडेना, तिने मागच्यालाच सांगितले, "बाबा, तूच हॉर्न वाजव." ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे का आली याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ. पण अक्षरांचा उपयोग उघड होता. मी मागे पाहणार नाही, तू असल्याचे मला ऐकू येऊ दे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ही अक्षरे लिहिण्यास बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवण्याला उत्तेजन मिळते. बंदी योग्यच होती. परंतु आमच्या रस्त्यांवर डोळ्याचे काम कित्येक वर्षे कानाने केले, ही गोष्ट त्या तीन शब्दांत जशी नोंदली गेली तशी कोणत्याही सरकारी अहवालात नसेल.

आरशाचा जन्म कसा झाला ती हकीकतही याच वळणाची आहे. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची एक बाई मोटारी चालवण्यात फार तरबेज होती. १९०९ साली तिने बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात सल्ला दिला की जवळ एक मुठीचा आरसा ठेवावा, मधूनमधून तो वर धरावा, म्हणजे मागून येणारी गाडी दिसते. वेणीफणीचा आरसा रस्त्याच्या कामाला लावण्याची ही युक्ती एका बाईला सुचली यात नवल नाही. पुरुषांच्या खिशात तेव्हा आरसा कुठे असे?

दोन वर्षांनी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची मोटारशर्यत झाली. तारीख ३० मे १९११. शर्यतीच्या गाडीत तेव्हा दोघे बसत, एक चालवणारा आणि दुसरा मिस्त्री. मिस्त्रीने मागे पाहावयाचे आणि कोण जवळ आला ते सांगावयाचे. थोडक्यात, तो त्यांचा क्लीनर. रे हॅरून नावाच्या चालकाने आपल्या गाडीत एकच बैठक ठेवली, म्हणजे गाडी हलकी झाली. इतरांनी तक्रार केली की याच्या मागे पाहणारा कोणी नाही, हा आम्हा सर्वांना धोका आहे. तेव्हा हॅरूनने समोर एक आरसा जडवला. घोडागाडीला लावलेला तसा आरसा त्याने १९०४ मध्ये शिकागोत पाहिला होता, असे तो सांगे. ती शर्यत त्याने ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरी वेगाने जिंकली. गंमत अशी, की पुढे त्यानेच सांगितले, विटांच्या त्या रस्त्यावर गाडी एवढी हादरत होती की आरशात काही म्हणता काही दिसले नाही! तरीही आरसा टिकला. १९२१ च्या सुमारास एल्मर बर्जर याने गाडीच्या आरशाचे पेटंट घेतले आणि मागून पोलीस येतो की काय हे पाहण्याचे साधन म्हणून तो खपवला.

तेव्हा आरसा आला तो मागे पाहणाऱ्या माणसाच्या बदल्यात आला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे तो माणूस पुष्कळ उशिरा उतरला. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने जर्मन बनावटीची तीनचाकी मालगाडी इथे बांधावयास घेतली. 'टेम्पो' हे त्या जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. पण मराठी माणसाने ते असे आपलेसे केले की आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी असो, ती टेम्पोच. त्या मूळ कंपनीने २००५ साली आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी शब्द काही गेला नाही. त्याच २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी गाडी आली, तिला लोक 'छोटा हाथी' म्हणतात. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जीप जुळवावयास सुरुवात केली होती, त्याच घराण्यातल्या पिकअप गाड्या आज गावोगाव दिसतात. या सगळ्या लहान गाड्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी क्लीनरला खाली उतरवले. भाडे थोडे, दोन माणसांचा पगार परवडेना. मालक तोच ड्रायव्हर, तोच हमाल. आणि ज्या दिवशी क्लीनर उतरला त्या दिवसापासून डाव्या बाजूचा आरसा हाच ड्रायव्हरचा सोबती झाला.

या सोबत्याची घडण कशी आहे ते थोडे पाहू. आरशाची काच स्वतः काही दाखवत नाही. तिच्या पाठीचा चकचकीत थर दाखवतो. पूर्वी तो थर कथील आणि पारा यांचा करीत. आपण अजून 'आरशाचा पारा उडाला' म्हणतो ते त्यामुळे. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत शोधली, आणि पाऱ्याच्या विषारी वाफेतून कामगार पुढे सुटले. काचेचा धंदा महाराष्ट्रात रुजावा म्हणून झालेली खटपटही विसरता येणार नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, आणि त्यातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काच कारखाना निघाला. ओगले बंधूंनी १९१६ साली काढलेला कारखाना कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. बैलगाडीखालचा जो कंदील मघाशी सांगितला, तो आपल्याकडे पुष्कळदा याच ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील असे.

गाडीचा बाजूचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो. शिक्षकांनी वर्गात भाताच्या पळीची पाठ मुलांना दाखवावी. तिच्यात सगळी खोली मावते, पण जो तो लहान आणि लांब दिसतो. आरशातही तसेच. मागची मोटारसायकल दिसते त्यापेक्षा जवळ असते. नवा ड्रायव्हर इथेच फसतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. हवेत पाण्याची वाफ असते. हवा जितकी उबदार तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम, आणि १० अंशाला साडेनऊ ग्रॅमदेखील नाही. हवा एखाद्या थंड वस्तूला टेकली की ती तिथे गार होते, आणि न मावणारी वाफ पाणी होऊन त्या वस्तूवर बसते. पावसाळ्याच्या दिवसात पितळी तांब्यात बर्फाचे गार पाणी भरून ठेवा. तांब्याला बाहेरून घाम सुटेल. काही पोरांना वाटते तांब्या झिरपतो. त्यांना सांगावे की झिरपतो माठ, पितळ झिरपत नाही; हे पाणी हवेतले आहे.

बदलापूर, वांगणी, कर्जत या पट्ट्यात हिवाळ्याची पहाट मुंबईपेक्षा बरीच थंड असते. उल्हासचे खोरे, आजूबाजूला डोंगर, जमिनीत ओल. रात्रभर उघड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या गाडीची काच आपली उष्णता आभाळाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, आणि पहाटे आरसा पाहावा तर दवाने पांढरा. पावसाळ्यात तर विचारूच नका. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. माळशेज घाटात धुके असे उतरते की पुढच्या गाडीचा तांबडा दिवा तेवढा दिसतो.

आणि नेमक्या याच वेळी, याच वाटेने पिकअप गाड्या धावतात. जुन्नर, ओतूरची भाजी माळशेज उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजारात येते ती रात्री-पहाटे. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने माल वर जाई, आता शेजारच्या घाटाने भाजी खाली येते. बदलापूर-मुरबाड बाजूची दूधवाली गाडीही उजाडण्याच्या आत निघते. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचे कामगार त्याच सुमारास सायकलीवर, स्कूटरवर, पायी निघालेले असतात. ऊब देणारे आरसे ज्यांच्या मोटारींना कारखान्यातून मिळतात, ती मंडळी या वेळी बहुतेक अंथरुणात असतात. ही वाटणी मला उलटी वाटते.

उजवीकडचा आरसा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून पुसतो. डाव्या आरशाला त्याचा हात पोचत नाही. पूर्वी तिथे क्लीनरचे फडके होते. आता तिथे कोणी नाही. धुरकट झालेल्या डाव्या आरशानिशी गाडी चालली आहे, कोणी गिऱ्हाईक हात करते म्हणून ड्रायव्हर एकदम डावीकडे घेतो, आणि त्या डाव्या बाजूला सायकल असते किंवा दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल असते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली हा सरकारी आकडा आहे. त्यांत दुचाकीवरची माणसे निम्म्याच्या जवळपास होती. यांतले किती जण आरशात न दिसल्यामुळे गेले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण डाव्या बाजूला सायकलवाला असतो, एवढे सर्व ड्रायव्हरांना ठाऊक आहे.

या दवावर जुने इलाज होते. काचेवर बटाट्याची फोड चोळावयाची, तंबाखूची चिमूट ओली करून फासावयाची, साबणाचा हात फिरवावयाचा. त्याने पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा बनतो आणि त्यातून बरे दिसते. इलाज खोटे नाहीत, पण तासाभरात धुऊन जातात. ऊब देण्याने मात्र रोगाचे मूळच जाते, कारण काच हवेपेक्षा दोन-चार अंश जरी उबदार झाली तरी तिच्यावर वाफ बसूच शकत नाही.

वीज किती लागते? अशी पट्टी साधारण १० ते १५ वॅटची असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. १५ ला १२ ने भागा, सव्वा अँपिअर. दोन आरशांचे अडीच अँपिअर, म्हणजे ३० वॅट. पुढच्या एका दिव्याचा साधा बल्ब ५५-६० वॅटचा असतो. त्याच्या निम्म्यात दोन्ही आरसे ऊबदार. हस्तपंख्याएवढी ती काच, वजन पावशेराच्या आत, दोन-चार मिनिटांत स्वच्छ होते. मुलांना गणिताला हे उदाहरण द्यावयास हरकत नाही.

बसवण्याचे काम गाडीच्या वायरिंगचा कारागीर करतो, आणि उल्हासनगर-कल्याण बाजूला असे कारागीर पुष्कळ. आरशाची काच सांगाड्यातून हलक्या हाताने सोडवावयाची, पाठ कोरडी पुसावयाची, पट्टी हवेचा फुगा न राहता चिकटवावयाची. मागचा थर खरवडला तर आरसाच गेला. तार आरशाच्या पोकळ दांडीतून दारात आणि दारातून रबरी नळीने आत न्यावयाची. दार रोज पन्नास वेळा उघडते-मिटते, म्हणून तिथे तार ताणून ठेवू नये, थोडी ढिली ठेवावी. पुढे बिघाड झाला तर तो बहुधा याच जागी होतो. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. काही जण पैसे वाचवण्यासाठी दिव्याच्याच तारेला जोड देतात. तसे करू नये. रिले बसवावा आणि त्याला किल्लीमागची वीज द्यावी, म्हणजे गाडी बंद केली की आरसेही बंद. नाहीतर रात्रभर आरसे तापतील आणि पहाटे गाडी धक्का मारून सुरू करावी लागेल.

जोड उघडे ठेवू नयेत, हे आपल्या भागात दोनदा सांगावे लागते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे तुम्हांला आठवत असेल. त्या दिवशी सखल भागातल्या मोटारींचीही काय दशा झाली असेल? तेव्हा दाराच्या तळाशी जोड देण्यापेक्षा तो वरच्या अंगाला, नळी चढवून द्यावा. कायद्याचेही विचारून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. आरसा तोच ठेवून पाठीमागे पट्टी लावल्याने नोंदणीच्या कागदातले काही बदलत नाही. पण मूळ आरसे काढून भलतेच लांबरुंद लावण्याचा शौक काहींना असतो, तो टाळावा. गाडी नवी असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी हमीपत्र वाचून घ्यावे.

या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुसळधार पावसात आरशावर जे थेंब आपटत राहतात, त्यांच्यापुढे १५ वॅटची ऊब फिकी पडते. धुक्यात आरसा स्वच्छ झाला तरी धुके स्वच्छ होत नाही. तिथे वेगच कमी करावयाचा. आणि ज्याचा आरसा फुटका आहे, किंवा कॅम्पातल्या अरुंद गल्लीत घासू नये म्हणून मिटून घेतला आणि उघडावयाचा राहिला, त्याने ऊब देणारी पट्टी घेण्याआधी आरसा सरळ करावा. पैसे मोजकेच असतील तर दोन्ही बाजूंना न बसवता एका बाजूला बसवावी, आणि ती बाजू डावी असावी.

बसवून झाल्यावर कारागिराच्या दुकानातच परीक्षा घ्यावी. किल्ली फिरवावी, खटका दाबावा, आरशावर तोंडाची वाफ सोडावी आणि घड्याळ पाहावे. पहिल्या वाफेने फसू नये, ती आपोआपही उडते. पाच मिनिटांनी पुन्हा सोडावी. या वेळी वाफ काचेवर धरलीच नाही पाहिजे. मग दार दहा वेळा उघडून मिटावे आणि तीच परीक्षा पुन्हा करावी.